नाशिक रस्त्यावरची आफ्रिका

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून सुटलेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत नाशिकला पोचतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात शिफ्ट बदलताना कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो आणि कंटेनर एकमेकांना खेटून उभे राहतात. त्यांत बसलेली माणसं लातूर-बीडपासून बिहार-ओडिशापर्यंत कुठून कुठून आलेली असतात, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण याच रस्त्याच्या कडेला आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या चरित्रांचे दोन मोठे तुकडे पडलेले आहेत, याची खबर फारशी कुणाला नसते. नारायणगावहून डावीकडे वळलं की जुन्नर लागतं. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी काही काळ तिथे आणली होती. आणि रस्ता जिथे संपतो त्या नाशकात शरणपूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं सुतारकाम आणि लोहारकाम शिकत होती.

आफ्रिकेतून परमुलखात गेलेल्या माणसांनी स्वतःविषयी लिहिलेल्या मजकुराची ओळख करून देणारं हे पुस्तक पिंपरी-चिंचवडच्या एका वाचनगटातून तयार झालं. गटात कारखान्यातली, शाळेतली, आयटी कंपन्यांतली माणसं आहेत. आफ्रिका हा त्यांच्यापैकी कुणाच्याच अभ्यासाचा विषय नव्हता. 'कष्टातून वर आलेल्या स्थलांतरिताची जीवनकथा' या तऱ्हेची पुस्तकं ती वाचत होती, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तेच ते सात-आठ धडे निघतात असं म्हणून वैतागली होती. हे धडे कुणी, कुणासाठी काढले, याचा शोध घेता घेता मंडळी मागे मागे गेली आणि थेट जुन्नरला पोचली.

मलिक अंबरापासूनच सुरुवात करावी, कारण त्याने आत्मचरित्र लिहिलेलं नाही. जन्म इथिओपियातला, १५४८च्या सुमाराचा. लहानपणीचं नाव चापू. विकला गेला, मोखा बंदरातून बगदादला गेला, तिथे मीर कासिम नावाच्या मालकाकडे शिकला, अंबर झाला. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं, आणि हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्याने परांड्याला दुसऱ्या मूर्तजाला गादीवर बसवून बुडती निजामशाही पुन्हा उभी केली. खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. त्या शहराला नहरीने पाणी आणलं. जमिनीच्या महसुलाची घडी बसवली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम हरवलं. १६२६ साली वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. चाकणचा किल्ला आणि पुणे-सुपे परगणे ज्या निजामशाहीकडून भोसल्यांकडे आल्याचं सांगतात, तीच ही निजामशाही.

एवढ्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडून. जहांगीर आत्मचरित्रात त्याला शिव्याच घालतो. त्याच्या दरबारातल्या अबुल हसनने तर अंबराच्या कापलेल्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतोय असं चित्र काढलं. ते मुंडकं बादशहाला प्रत्यक्षात कधीच मिळालं नाही. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी त्याला भेटला आणि त्याचं रंगरूप लिहून ठेवून गेला. परमानंदाच्या शिवभारतात भातवडीच्या वर्णनात तो येतो. शत्रू, व्यापारी, कवी असे तिघेही त्याच्याविषयी बोलले. आईबापांपासून तुटलेल्या चापूला बगदादमध्ये काय वाटलं असेल, हे विचारणारा मात्र कुणी भेटला नाही, किंवा भेटला असला तरी त्याने लिहून ठेवलं नाही. जंजिऱ्याचे सिद्दी, गुजरातेतले, कर्नाटकातले सिद्दी यांचीही हीच गत. राज्य केलेल्यांच्या वंशावळ्या मिळतात, राबलेल्यांची कैफियत मिळत नाही.

आपल्याकडचा पहिला मजकूर मिळतो तो नाशिकशी जोडलेला. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं आणि सुटलेली माणसं मुंबईत उतरवायचं. त्यातली काही मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत पाठवली गेली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना नवी आडनावं मिळाली: प्राइस, गार्डनर, रटन, वेनराइट. प्रार्थना, लिहिणं-वाचणं आणि हातकाम असा त्यांचा दिवस होता. आजच्या भाषेत सांगायचं तर आयटीआयच होती ती, फक्त प्रवेश घेताना मुलांना कुणी विचारलं नव्हतं. १८६६ साली आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा यातली नऊ मुलं बरोबर घेऊन गेला. त्यांच्या आळसाबद्दल त्याने रोजनिशीत तक्रारीही लिहून ठेवल्या आहेत. नाशिकमधून गेलेली आणखी काही मुलं १८७२ साली त्याच्या कुमकेला पोचली. त्यात जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्याचं काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं, उरलेला देह वाळवून, गुंडाळून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पायी नेला. या वाटचालीला कित्येक महिने लागले. काळीज पुरताना प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर नाव-तारीख कोरली ती जेकबने, आणि या सगळ्या प्रवासाची रोजनिशी ठेवली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला खांदेकऱ्यांमध्ये तो होता. त्याच वर्षी त्याची रोजनिशी जर्मनीत, जर्मन भाषांतरात छापली गेली. इंग्लंडात गाजली ती लिव्हिंगस्टनची 'अखेरची रोजनिशी', आणि तिच्या संपादनासाठी त्याच्या सोबतच्या सूसी आणि चूमा या दोघांकडून माहिती घेतली गेली. हे दोघेही मुंबईत राहून गेलेले होते. एक गोदीत राबलेला, दुसरा मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेत शिकलेला.

वेनराइटच्या नोंदींमध्ये उपदेश नाही, वाटचाल आहे. 'तू यातून काय शिकलास' असं विचारायला त्याच्याकडे कुणी आलंच नव्हतं. सगळ्यांना लिव्हिंगस्टनबद्दल हवं होतं. त्यामुळे नको असलेला माणूस जसं लिहितो तसं तो लिहितो, आणि माझ्या मते या संग्रहातलं सगळ्यात मोकळं लिखाण तेच आहे. पुढे तो आफ्रिकेतच, १८९२ साली वारला. शरणपूरच्या बऱ्याच मंडळींना १८७५च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला नेलं गेलं. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना आज त्यांची खूण सहसा दिसत नाही.

१८७३ या सालाजवळ जरा थांबायला हवं. जेकब चितांबोहून देह घेऊन निघाला त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. समुद्रापलीकडच्या गुलामांशी इथल्या शूद्रातिशूद्रांचं नातं जोडणारा माणूस पुण्यात होता, आणि सुटका झालेल्या आफ्रिकी गुलामांची वसाहत नाशकात होती. या दोन गोष्टींची कधी गाठ पडली का, याचा धागा कुणी अभ्यासकाने शोधावा. विसाव्या शतकात ते नातं पुन्हा जोडलं गेलं: १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी निग्रो साहित्य मराठीत समजावून सांगितलं. पण त्या सगळ्यात आफ्रिका आली ती अमेरिकेला वळसा घालून. खुद्द आफ्रिकेतून निघालेला, युरोपात किंवा आपल्याकडे येऊन भाड्याची खोली शोधणारा माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला नाही.

बाहेरच्या जगात या लेखनाची परंपरा सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. १७८९ साली लंडनमध्ये गुलामीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोचं आत्मवृत्त निघालं. त्याने आगाऊ वर्गणीदार गोळा केले, स्वतः गावोगाव हिंडून पुस्तक खपवलं, हयातीतच नऊ आवृत्त्या काढल्या. गुलामीविरोधी चळवळीच्या हातातली ती साक्ष होती, आणि साक्षीला जामीन लागतो. म्हणून या तऱ्हेच्या पुस्तकांना पुढे गोऱ्या सद्गृहस्थांच्या प्रस्तावना जोडण्याची रीत पडली: हे खरंच या काळ्या माणसाने लिहिलं आहे, आम्ही याला ओळखतो, चालचलणूक चांगली आहे. अमेरिकेतल्या गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५च्या पुस्तकालाही विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आहे. डग्लसइतका बोलका माणूस त्या काळात दुसरा नसेल, तरीही. प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसाने हे वाचून जरा चपापलंच पाहिजे. मी कुणाचा जामीन नाही. पुढची पानं उघडायला कुणाच्या चारित्र्याच्या दाखल्याची गरज नाही.

विसाव्या शतकात हे लेखन गुलामाकडून विद्यार्थ्याकडे आणि कामगाराकडे आलं. आमच्या पट्ट्याला सगळ्यात जवळची वाटावीत अशी माणसं इथे भेटतात. गिनीचा कामारा लाये शिकायला फ्रान्सला गेला, पैसे संपले तेव्हा पॅरिसजवळच्या सिम्का मोटार कारखान्यात कामाला लागला, आणि त्याच एकटेपणात त्याने गावाकडचं, सोनारकाम करणाऱ्या बापाचं, लहानपण लिहून काढलं. ते १९५३ साली आलं. कारखाना त्यात जवळजवळ नाहीच. सेनेगलचा उस्मान सेम्बेन सित्रोएनच्या कारखान्यात होता, मग मार्सेच्या बंदरात हमाल झाला, संघटनेत गेला. १९५६ साली त्याची गोदी-कामगारावरची कादंबरी आली, पुढे तो आफ्रिकी सिनेमाचा अध्वर्यू ठरला. कामारा लाये गोड लिहितो, वसाहतवादाबद्दल गप्प राहतो, अशी टीका त्याच्या काळातच झाली. मला ती पटत नाही. बारा तास उभं राहून खोलीवर परतलेल्या माणसाला लाइन आठवायची नसते, आई आठवायची असते. हे समजून घ्यायला चाकणमध्ये कुणाला समीक्षा वाचावी लागणार नाही.

आमच्या बैठकीत सेम्बेनबद्दल बोलणं चाललं होतं, तेव्हा प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या एका सभासदाने विचारलं, "कुठल्या खात्यात होता तो? बोटं शाबूत राहिली का?" प्रेसवर बोट जाणं ही या पट्ट्यात नवलाची गोष्ट नाही. बोटं राहिली, पण बंदरात माल उतरवताना सेम्बेनचा पाठीचा कणा जायबंदी झाला होता, आणि त्या सक्तीच्या रजेत तो वाचू-लिहू लागला. हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला: "रजा भरपगारी होती का?" या पुस्तकातल्या टिपा अशा प्रश्नांवरून तयार झाल्या आहेत. साहित्याच्या इतिहासात न सापडणारी माहिती त्यांत पुष्कळ आहे, आणि एरवी ठळकपणे येणारी काही गाळलेलीही आहे.

बायकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल वेगळं सांगायला हवं. नायजेरियाची बुची एमेचेटा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्यामागे लंडनला आली. पाच मुलं झाली. खोल्या मिळेनात, कारण काळ्या भाडेकरूंना घरमालक दारातूनच परत पाठवत. तिने पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा नवऱ्याने हस्तलिखित जाळून टाकलं. ती मुलांना घेऊन बाहेर पडली, शिकत राहिली, ती कादंबरी पुन्हा लिहिली, आणि स्वतःचीच कथा १९७४च्या 'सेकंड क्लास सिटिझन'मध्ये थोडी आडवळणाने, तर १९८६च्या आत्मचरित्रात सरळ सांगितली. जळालेल्या वह्यांची तिची हकिकत वाचताना आमच्या गटातल्या बायका गप्प झाल्या नाहीत. तासभर बोलतच राहिल्या. पुरुषांची स्थलांतरकथा बहुधा निघण्यापासून पोचण्यापर्यंत असते. बाईची पोचल्यावर सुरू होते, आणि तिला दोन घरमालक असतात.

एकविसाव्या शतकात निर्वासितांची पुस्तकं आली. सुदानच्या यादवीतून चालत निघालेली मुलं, सिएरा लिओनमधला बालसैनिक इश्माएल बिआ. इथे दुसराच पेच पडला. सुदानच्या व्हॅलेन्टिनो अचाक डेंगची कथा अमेरिकन लेखक डेव्ह एगर्सने लिहिली आणि २००६ साली ती कादंबरी म्हणून प्रसिद्ध केली. बिआच्या पुस्तकातल्या तारखांवरून वर्तमानपत्रांनी वाद घातला. यातना खऱ्या असतील तर साल-महिना चुकला म्हणून काय झालं, असा एक पक्ष. साक्ष म्हटली की तारीख आलीच, असा दुसरा. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, पण लहानपणी बंदूक हातात दिलेल्या पोराकडून कॅलेंडर मागताना जीभ अडखळते हेही खरं. संग्रहातल्या सगळ्यांत टोगोचा तेते-मिशेल क्पोमासी हा मला सर्वांत आवडलेला गडी. लहानपणी ग्रीनलंडवरचं एक पुस्तक हाती पडलं, आणि मजल-दरमजल करत, वाटेत मिळेल ते काम करत तो वर्षानुवर्षांनी खरंच तिथे पोचला. पोटासाठी नाही, हौस म्हणून. गरीब देशातल्या माणसाला हौस असू शकते हे मान्य करायला श्रीमंत देशातले वाचक आजही तयार नसतात, आणि आपणही नसतो.

आता धड्यांकडे. आज विमानतळावर किंवा पिंपरीतल्या पुस्तक-प्रदर्शनात खपणारी स्थलांतरितांची आत्मचरित्रं बहुतेक एकाच साच्यातली असतात: उपासमार, अपमान, एक देवमाणूस, जिद्द, यश, आणि प्रत्येक प्रकरणाखाली बोधवाक्य. हा साचा प्रकाशकाने केला असं म्हणून मोकळं होता येत नाही. गावाकडे फोन लागला की आपलाही माणूस 'मजेत आहे' एवढंच म्हणतो. प्रवासासाठी ज्यांनी कर्ज काढलं, जमीन गहाण टाकली, त्यांना सगळं फुकट गेलं असं कसं सांगायचं? त्रासाला काही मोल मिळालं हे दाखवावं लागतं, आणि पैसे पाठवता आले नाहीत तर निदान धडा पाठवायचा. म्हणून धडा दिसला की तो कुणाला उद्देशून आहे हे पाहावं. इक्वियानोचा पार्लमेंटला आहे, शरणपूरच्या मुलांकडून मागितला गेलेला मिशनच्या वर्गणीदारांना, आजच्या पुस्तकातला कधी व्हिसा देणाऱ्याला तर कधी गावातल्या भावाला. वाचक बहुतेक वेळा तिसराच असतो आणि दुसऱ्याचं पत्र वाचत असतो. ते ध्यानात ठेवून वाचलं तर बोधवाक्यंही बोलकी होतात.

मराठीत हा साचा आधी मोडला गेला. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'उपरा' १९८० साली, 'उचल्या' १९८७ साली. यातल्या कुणीही वाचकाच्या हाती प्रसाद ठेवला नाही. 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत राबले होते; पालातून गिरणीपर्यंतचा तो रस्ता आमच्या पट्ट्यात आलेल्या कित्येकांच्या रस्त्याला समांतर आहे. पुढे यशकथांची लाट आली आणि आत्मकथन म्हणजे प्रेरणा असं समीकरण होऊन बसलं. पिंपरी-चिंचवडचं म्हणाल तर हे शहरच बाहेरून आलेल्यांनी उभं केलं. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत आलेले सिंधी, १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे कामगार, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर भोसरी-आकुर्डीत आलेले, १९७२च्या दुष्काळाने लोटलेले. नव्वदीच्या अखेरीस चाकण सुरू झालं, आणि तिथे कायम कामगार ही जात विरळ होत गेली: हेल्पर, ट्रेनी, कंत्राटी, लेबर नाक्यावरचा रोजंदार. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोज्यातल्या खोल्यांत शिफ्टप्रमाणे एकाच खाटेवर दोघं आळीपाळीने झोपतात. या माणसांनी लिहिलेलं फार थोडं आहे. जे आहे ते मोबाइलमध्ये आहे.

आफ्रिकी माणूस या पट्ट्यात नाही असंही नाही. पुणे परिसरातल्या महाविद्यालयांत आफ्रिकी देशांतून विद्यार्थी येतात ही जुनी गोष्ट आहे. खोली भाड्याने देताना घरमालकाला परदेशी माणसाची माहिती सरकारकडे नोंदवावी लागते, आणि बरेच जण त्या कटकटीचं निमित्त पुढे करून नकार देतात. 'युपी-बिहारवाले नकोत' म्हणताना मात्र निमित्तही लागत नाही. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियनाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा नायजेरियनांविषयी निघालेले उद्गार आठवून पाहावेत. २०१७ साली ग्रेटर नोएडात अफवेवरून नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. मलिक अंबराचं नाव अभिमानाने घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात सोसायटीच्या गेटवर काय चालतं, हे वेगळं सांगायला नको.

संग्रहाची मांडणी कालक्रमाने नाही. रस्ता, खोली, काम, घरचा फोन, परतणं अशी आहे. त्यामुळे वेनराइट आणि डेंग शेजारी येतात, एमेचेटाच्या लंडनच्या खोलीनंतर लगेच इक्वियानोचं जहाज येतं. अभ्यासक नाक मुरडतील, पण गटाने वाचलं ते असंच. अनुवाद सरळ ठेवले आहेत, आणि ज्या वाक्यांत बोध आहे ती गाळलेली नाहीत. शरणपूरच्या मुलींचं स्वतःचं निवेदन हाती लागलं नाही, म्हणून त्यांच्यावर कल्पनेने काही लिहिलेलं नाही. तेवढी पानं संग्रहात कमी आहेत.

शेवटचा भाग चाकण-भोसरीतल्या कामगारांच्या आणि इथे शिकायला आलेल्या काही आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या मजकुराचा आहे. कुणाचंही नाव, कंपनी किंवा कॉलेज दिलेलं नाही. कंत्राट दर काही महिन्यांनी नवं होतं आणि व्हिसाही. दोन्हींवर सही करणारी माणसं पुस्तकं वाचत नसतील, पण धोका कोण घेणार? काहींनी मजकूर दिला आणि छापायच्या आधी परत मागितला. तो परत केला आहे. ज्यांनी ठेवू दिला त्यांच्यापैकी एकाने अट घातली की त्याच्या लिखाणाखाली तात्पर्य जोडायचं नाही, आणि दुसऱ्याने, की जोडलंच पाहिजे, कारण धाकटा भाऊ वाचणार आहे. दोघांचंही ऐकलं आहे.